स्वतंत्र चित्रपटकार आणि वंचित समाज : आनंद पटवर्धन यांचे उदाहरण

प्रस्तावना

ज्यांच्याविषयी बातमी येते पण ज्यांचे म्हणणे ऐकले जात नाही, अशा समाजासाठी चित्रपट काय करू शकतो, हे या पाठात पाहू. त्यासाठी मुंबईचे माहितीपटकार आनंद पटवर्धन यांचे काम घेऊ.

'स्वतंत्र' म्हणजे काय?

कमी खर्चाचा चित्रपट म्हणजे स्वतंत्र चित्रपट, असा समज असतो. तो अपुरा आहे. काय चित्रित करायचे, काय ठेवायचे आणि कुठे दाखवायचे, हे निर्णय पैसे पुरवणाऱ्याच्या हाती नसतील, तर तो चित्रपट स्वतंत्र. याची किंमतही असते : वितरक मिळत नाही आणि वेळ फार लागतो.

उदाहरण १ : हमारा शहर (१९८५)

मुंबईच्या झोपडपट्ट्या पाडल्या जात असतानाचा हा माहितीपट आहे. त्यात एक बाई कॅमेऱ्यासमोरच दिग्दर्शकाला सुनावते : आमचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला त्याचा काय उपयोग? हे दृश्य सहज कापता आले असते. पटवर्धनांनी ते ठेवले. पुढे १९८६ मध्ये कफ परेडजवळचे संजय गांधी नगर पाडले गेले, तेव्हा रहिवाशांसोबत तेही उपोषणाला बसले. शबाना आझमीही त्यात होत्या. रहिवाशांना अखेर गोरेगावात जागा मिळाली.

येथे एक फरक ध्यानात घ्या. जागा चित्रपटाने मिळवून दिली नाही, लोकांच्या लढ्याने दिली. चित्रपटाने त्यांची बाजू नोंदवून ठेवली.

उदाहरण २ : जय भीम कॉम्रेड

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. १० जण मरण पावले. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. 'हमारा शहर'मध्ये गाणारे शाहीर हेच. तिथून सुरू झालेले चित्रीकरण १४ वर्षे चालले. सुमारे तीन तासांच्या या चित्रपटात दलित वस्त्यांतले शाहीर, जलसे, पुण्याचा कबीर कला मंच आणि गोळीबारानंतरचा न्यायालयीन प्रवास आहे. इथे लोक केवळ पीडित म्हणून दिसत नाहीत; ते गातात, वाद घालतात, हसतात. चित्रपटगृहांची वाट न पाहता तो वस्त्यांमध्येही दाखवला गेला.

प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न

'फादर, सन अँड होली वॉर' (१९९५) दाखवण्यास दूरदर्शनने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये न्यायालयाने प्रसारणाचा आदेश दिला. म्हणजे चित्रपट तयार झाल्यापासून निकालापर्यंत सुमारे ११ वर्षे गेली.

लक्षात ठेवा

- कॅमेरा कोणाच्या हाती आहे, एवढेच पुरेसे नाही. समोरच्याला उलट प्रश्न विचारता येतो का, हेही पाहा.
- विश्वास बसायला वेळ लागतो. एका दिवसाच्या चित्रीकरणात दुःख दिसते, माणूस दिसत नाही.
- ज्यांच्यावर चित्रपट आहे, त्यांना तो आधी दाखवा.

स्वाध्याय

तुमच्या महाविद्यालयात सफाई करणाऱ्या किंवा खानावळीत राबणाऱ्या लोकांवर पाच मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. त्यांनी 'आम्हाला याचा काय उपयोग?' असे विचारले, तर तुमचे उत्तर काय असेल? कॅमेरा सुरू करण्यापूर्वी ते लिहून काढा.