खोलीचे भाडे वाढले, दावा घटला
आरोग्य विमा ५ लाखांचा, तरी दाव्याच्या वेळी खिशाला कात्री का लागते? अनेकदा कारण असते खोलीभाड्याची मर्यादा. समजा, ती विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार रुपये आहे आणि रुग्णाने १० हजारांची खोली घेतली. मग भाडेच नव्हे, डॉक्टरांचे व शस्त्रक्रियागृहाचे शुल्कही निम्मेच मिळू शकते. औषधे, इम्प्लांट, तपासण्यांना ही कपात लागत नाही, एवढाच दिलासा. स्वस्त हप्त्यामागे बऱ्याचदा हीच अट असते. हप्ता वाचवायचाच, तर मूळ पॉलिसी अशा मर्यादेविना घ्यावी आणि तिची रक्कम वाढवण्याऐवजी सुपर टॉप-अप जोडावा. वर्षभरातला ठरलेल्या रकमेपुढचा खर्चच तो देतो, म्हणून स्वस्त पडतो. मर्यादेची पॉलिसी आधीच हाती असेल, तर दाखल होतानाच त्या भाड्यातली खोली मागावी.