शेवाळापासून सुरू झालेली चाळीस वर्षं

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निगाताचे छायाचित्रकार ताकाशी आमानो यांनी पाणवनस्पतींच्या टाक्यांत एक पारदर्शक जपानी कोळंबी सोडली, ती शेवाळ आटोक्यात ठेवायला. आज तिला जगभर आमानो श्रिंप म्हणतात. तेव्हा मान माशांचा आणि वनस्पतींचा होता. नव्वदच्या दशकात हिसायासु सुझुकी यांनी काळ्या-पांढऱ्या बी श्रिंपमध्ये निघालेली लाल पिल्लं निवडून 'क्रिस्टल रेड' वाढवली, आणि लोक कोळंबीसाठीच टाकी मांडू लागले.

मग चेरी आली, पाठोपाठ पिवळी, निळी. रंग वाढले तशी सगळ्या एकत्र ठेवायची हौस वाढली आणि तिथेच घोटाळा झाला. चेरी, पिवळी आणि निळी या एकाच जातीच्या. एकत्र सोडल्या की काही पिढ्यांत पिल्लं मूळच्या मातकट रंगावर जातात. क्रिस्टल रेडचा चेरीशी संकर होत नाही, पण तिला मऊ, किंचित आम्लधर्मी, २२-२४ अंशांचं पाणी लागतं. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात टाकी सहज ३० वर जाते. चिलर नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

आमानो, एकाच रंगाची चेरी आणि बांबू श्रिंप ही तिकडी मला सगळ्यांत पसंत आहे. संकराची भीती नाही, खाण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. बांबू श्रिंप तर बघत बसावी. फिल्टरच्या धारेसमोर लाकडावर पाय रोवते, हातांचे चार पंखे उघडते आणि अडकलेले कण आळीपाळीने तोंडाशी नेऊन पुसून घेते. तीच तळाची वाळू चिवडत फिरू लागली, तर ती उपाशी आहे. खाद्याची बारीक पूड धारेत सोडावी. चेरीची पिल्लं मॉसमध्ये लपून वाढतात. आमानोची मात्र टाकीत वाढत नाहीत, कारण तिच्या अळ्यांना खारं पाणी लागतं. माशांसाठी तांबं असलेलं औषध घातलं, तर तिघीही दगावतात.

सुलावेसीच्या मातानो सरोवरातली, लाल अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची कार्डिनल श्रिंप २००९ मध्ये 'कॅरिडिना डेनर्ली' म्हणून शास्त्रात नोंदली गेली. तिच्या सरोवरात आता बाहेरून सोडलेले फ्लॉवरहॉर्न मासे माजले आहेत आणि ती अतिसंकटग्रस्त ठरली आहे. तिला इतरांच्या पाण्यात ढकलू नये. २७-२९ अंश, पीएच आठच्या आसपास, दगडांची वेगळी टाकी द्यावी आणि विकत घेताना टाकीत पैदास झालेलीच मागावी.