माकडाची झांज का थांबली?

परळी वैजनाथची महाशिवरात्रीची यात्रा असो की कपिलधारची कार्तिकातली, बीड जिल्ह्यातल्या कित्येक घरांत सेलवरचं हलतं खेळणं आलं ते यात्रेतूनच. झांज वाजवणारं माकड, मान डोलावणारं कुत्रं, गिरक्या घेत गाणारी बाहुली. मुलं मोठी झाली की ते माळ्यावर जातं. पुढे नातवंडांसाठी खाली उतरतं, नवे सेल पडतात, पोटात मोटर घुंघुं करते; माकड मात्र ढिम्म.

मोटर घुंघुं करतेय म्हणजे ती जळालेली नाही. बहुतेकदा दोष निघतो तिच्या शाफ्टवरच्या पिनियनमध्ये, हरभऱ्याएवढ्या प्लास्टिकच्या दातेरी चाकात. पोलादी शाफ्टवर ते दाबून बसवलेलं असल्याने कायम ताणाखाली असतं. वर्षं गेली की दोन दात्यांमधल्या खाचेत चीर पडते आणि शाफ्ट नुसताच आत गरगरतो. या प्लास्टिकला फेविक्विकही नीट धरत नाही.

सुटा भाग मागायचा कुणाकडे? यात्रेतल्या खेळण्यावर बनवणाऱ्याचं नावही नसतं. नामांकित खेळण्यांचीही गत फार वेगळी नाही. टेडी रक्सपिन हे गोष्ट सांगणारं अस्वल अमेरिकेत १९८५ साली आलं. त्याच्या कॅसेटच्या एका ट्रॅकवर आवाज आणि दुसऱ्यावर डोळे-तोंड हलवण्याचे इशारे असत. १९८७च्या अखेरीस त्याची कंपनीच दिवाळखोरीत गेली; मग सुटे भाग कुठून मिळणार? १९९८च्या फर्बीत तर डोळे, कान, तोंड सारं एकाच मोटरवर, कॅमच्या, म्हणजे एकीकडे फुगीर असलेल्या, चाकांनी हलायचं; ती साखळी तुटली की सगळंच थांबणार. गणपतीत हलते देखावे उभे करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. वायपरच्या मोटरवर राक्षसाचा हात वर-खाली करण्याची युक्ती याच जातीची.

सुटा भाग मिळत नाही, तेव्हा तो घरीच जुळवावा लागतो, आणि त्यासाठी दाते मोजावे लागतात. व्हर्नियरने पिनियनचा बाहेरचा व्यास घ्यायचा आणि दात्यांच्या संख्येत दोन मिळवून येणाऱ्या आकड्याने त्या व्यासाला भागायचं. १० दाते आणि ६ मिलिमीटर व्यास असेल तर उत्तर ०.५. याला मॉड्यूल म्हणतात. मॉड्यूल, दाते आणि शाफ्टची जाडी जुळली की भंगारातल्या डीव्हीडी प्लेअरचं किंवा मोडक्या खेळण्यातल्या मोटारगाडीचं पिनियनही चालून जातं. चिरलेलं चाक मात्र किंचित फाकलेलं असतं. माप दोन-तीन जागी घ्यावं.

थ्रीडी प्रिंटरने सगळंच सुटेल, ही समजूत जरा भाबडी आहे. ०.५ मॉड्यूलच्या दात्याची जाडी मधोमध जेमतेम पाऊण मिलिमीटर, आणि साध्या प्रिंटरचं नोझल ०.४ मिलिमीटरचं. म्हणजे प्लास्टिकच्या दोन रेघांत दाता संपला! मोठी चाकं आणि कॅम त्यावर छान निघतात; पिनियनसाठी रेझिनचा प्रिंटर बरा.

पितळी पिनियनचा मोह अनेकांना होतो. ते फुटत नाही, हे खरं. पण माकडाचा हात कुठे अडकला की सगळा जोर पुढच्या चाकावर जातो, आणि ते चाक पोटात खोल असतं. त्यापेक्षा प्लास्टिकचंच, शाफ्टवर फार घट्ट न बसणारं पिनियन घालावं. जुळवायचीच तर दोन जुळवावीत. दुसरं कागदात गुंडाळून खेळण्याच्या पोटातच, चाकांना लागणार नाही अशा कोपऱ्यात चिकटवून ठेवावं.