टाइलखालची मेम्ब्रेन : कुठे उपयोगी, कुठे नाही

नव्या फ्लॅटमधली फरशी तडकली की पहिला संशय टाइलच्या दर्जावर जातो, दुसरा मिस्त्रीवर. दोघेही निर्दोष असू शकतात. काँक्रीट ओतल्यानंतर महिनोन्‌महिने सुकत आणि आकसत राहते. चाचणीचे आकडे हाताशी नसतील तर हे आकसणे लांबीच्या ०.०००३ पट धरावे, असे आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगते. म्हणजे ६ मीटर लांबीच्या हॉलमध्ये जवळपास २ मिलिमीटर. वरची विट्रिफाइड टाइल आकसत नाही. स्लॅबशी ती पक्की जखडलेली असेल, तर टाइल्स एकमेकींवर दाबल्या जातात आणि एखादी जोडी तंबूसारखी वर उचलली जाते. स्लॅबला जिथे भेग पडते, तिथे ती भेग टाइलमधून सरळ वर येते. टाइल जितकी घट्ट चिकटलेली, तितकी सुरक्षित, हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे.

मेम्ब्रेन हे जखडणे सैल करते. जर्मनीतल्या श्ल्यूटर कंपनीने १९८७ मध्ये आणलेली ‘डिट्रा’ ही या प्रकारातली सर्वांत ओळखीची. सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा पॉलिथिलीनचा पत्रा, वरच्या बाजूला तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असे चौकोनी खळगे, खालच्या बाजूला लोकरीसारखे कापड. कापड खालच्या अ‍ॅडहेसिव्हमध्ये रुतते, खळग्यांत भरलेला माल टाइलला धरतो. स्लॅब आडवा सरकला की मधला पत्रा ते सरकणे पचवतो. सगळी मदार ‘आडवा’ या शब्दावर आहे. भेगेची एक कड दुसरीपेक्षा वर आली, भरणीवरची जमीन खचली किंवा स्लॅबच वाकत असला, तर कोणतीही मेम्ब्रेन टाइल वाचवत नाही. टाइलखाली पोकळी असली तरीही नाही. टाइलच्या पाठीवर मालाचे पाच गोळे लावून ती दाबून बसवायची सवय अजून गेलेली नाही. गोळ्यांच्या मधे आधार नसतो. कपाटाचा पाया नेमका तिथे आला की टाइल फुटते. अमेरिकी मानके घरात कोरड्या जागी किमान ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के पाठ मालाने भरलेली मागतात. मेम्ब्रेनवर खळगे आधी थापीच्या सपाट कडेने भरून मग दातेरी कडेने माल ओढावा लागतो. ते न केल्यास पोकळ्यांची संख्या उलट वाढते.

लवचीक अ‍ॅडहेसिव्ह असताना मेम्ब्रेनचा खर्च कशाला, असे विचारले जाते. एस-१ दर्जाचे अ‍ॅडहेसिव्ह २.५ ते ५ मिलिमीटर वाकते, हे खरे. पण तो आकडा मालाची पातळ पट्टी दोन टेकूंवर ठेवून मधोमध दाबल्यावर मिळतो. भेग रुंदावताना टाइलखालचा थर किती ताणला जाईल, हे त्यातून कळत नाही. दुसरा आक्षेप जुन्या वाड्यांतल्या शहाबादीचा. तिथे कसली मेम्ब्रेन होती? नव्हती, पण चुन्याचा मऊ थर होता, लाद्या लहान आणि जाड होत्या, सांधे रुंद होते. हालचाल शंभर जागी वाटली जाई. आता ६०० बाय १२०० मिलिमीटरची टाइल सिमेंटवर, तीही सांधा न सोडता बसवायची आपली हौस आहे.

सांध्यांचे काम मेम्ब्रेन करत नाही, आणि दुकानात हे क्वचित सांगितले जाते. भिंतीलगत स्कर्टिंगखाली सुमारे ६ मिलिमीटर फट रिकामी सोडावीच लागते, ती सिमेंटने भरायची नाही. टाइल कौन्सिल ऑफ नॉर्थ अमेरिकेच्या हँडबुकानुसार घरात फार तर २५ फुटांवर आणि ऊन पडते तिथे ८ ते १२ फुटांवर मऊ भरावाचा सांधा हवा. शिवाय आपल्याकडे टाइल ओल्या वाळू-सिमेंटच्या जाड मालावर ठोकून बसवतात. मेम्ब्रेनला मात्र आधी सुकलेला, सपाट कोबा लागतो. म्हणजे खर्च पत्र्यापुरता नाही, दिवसांचाही आहे. जुन्या, स्थिरावलेल्या स्लॅबवर छोट्या खोलीत नीट सांधे सोडून बसवलेल्या टाइल्सना तो खर्च मी सुचवणार नाही. नुकताच ओतलेला स्लॅब, बारीक भेगा दिसणारा कोबा किंवा मोठ्या टाइल्सची उन्हातली बाल्कनी असेल, तर मात्र तो करावा.