किरणोपचारातील मिनिटे आणि मिलिमीटर

बीदर-कलबुर्गी भागातून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी हैदराबाद वा मुंबई गाठणाऱ्या भगिनी आपापली मिनिटे ताडून पाहतात. ‘शेजारणीला अडीच महिन्यांपूर्वी सहा मिनिटे लागली, मला बारा, मला किरण दुप्पट दिले काय?’ शंका रास्त आहे; परंतु तसे नसते. नळीवाटे शरीरात सोडला जाणारा इरिडियम-१९२ चा कण सुमारे ७४ दिवसांत निम्म्या तेजाचा होतो. तीच मात्रा देण्यास मग दुप्पट वेळ लागतो. हे तेज रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ मोजून पाहतात, आणि हिशेब सहसा चुकत नाही.

खरी अनिश्चितता आहे ती अंतरात. कणापासून १० मिलिमीटरवर असलेली गाठीची कड ११ मिलिमीटरवर गेली, तर तिची मात्रा सुमारे सहाव्या हिश्शाने घटते. उलट मूत्राशय वा गुदाशय तेवढाच जवळ आला, तर त्यास इजा अधिक. मूत्राशय भरला, आधाराची पट्टी सैल झाली, रुग्ण कुशीवर वळली, एवढे त्यास पुरते. दशांशचिन्हापुढील आकड्यांचे कौतुक तेथे फोल होय! म्हणूनच नळ्या बसविल्यावर छायाचित्र घेऊन आराखडा आखतात. त्यानंतर नळी सरकल्याचा नुसता भास झाला, तरी संकोच न धरता तो परिचारिकेच्या कानी घालावा; कण आत सोडण्यापूर्वी नळ्यांची जागा पुन्हा तपासता येते.