टक्-टक् दर ३७ मिलिमीटरला : बिघाड शोधताना गृहीतक कसं वापरायचं?

नेट-सेटच्या पेपर एकची किंवा पेटची तयारी करताना 'गृहीतक' हा शब्द तुम्ही शंभरदा वाचला असेल. व्याख्या पाठ असते, चार पर्यायांतला बरोबर पर्यायही ओळखता येतो. पण पीएचडीच्या मुलाखतीत कुणी विचारलं, "तुमचं गृहीतक चुकीचं असेल तर ते तुम्हाला कळेल कशावरून?" तर बरेच जण गप्प होतात. या प्रश्नाचं उत्तर आज एका छोट्याशा वस्तूवर शोधून बघू. ती वस्तू म्हणजे मॉडेल रेल्वेचं नादुरुस्त इंजिन.

पुण्यात कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं असेल, तर मॉडेल रेल्वे म्हणजे काय हे सांगायला नको. आपण उदाहरणाला एचओ मापाचं अमेरिकन डिझेल इंजिन घेऊ. एचओ म्हणजे १:८७ हे प्रमाण. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. रुळांतून साधारण १२ व्होल्टपर्यंतचा डीसी पुरवठा चाकांमार्फत मोटरला मिळतो.

आता मोटरची ताकद चाकापर्यंत कशी जाते ते बघा. मोटर इंजिनाच्या मधोमध असते. तिच्या दोन्ही टोकांना फ्लायव्हील असतात आणि तिथून एकेक छोटा दांडा पुढच्या-मागच्या बोगीकडे जातो. (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, चाकांची चौकट.) बोगीवर वर्म असतो, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा. तो खालच्या गिअरला फिरवतो, तो गिअर मधल्या गिअरला आणि मधला गिअर ॲक्सलवरच्या गिअरला. वर्ममुळे वेग बराच कमी होतो. समजा, मोटर १४ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं.

लक्षण असं आहे : इंजिन चालतं, पण टक्-टक् आवाज करत, लंगडत चालतं. मधेच अडकतं, कधी सांध्यावर रुळावरून उतरतं.

इथे बहुतेकांचा हात स्क्रूड्रायव्हरकडे जातो. इंजिन उघडायचं, सगळं पुसायचं, तेल घालायचं, मोटर घट्ट करायची आणि पुन्हा बसवायचं. चाललं तर आनंद! पण नेमकं कशामुळे चाललं? पाच गोष्टी एकदम केल्यात, तर ते कधीच कळणार नाही. शिवाय उघडताना जुन्या प्लास्टिकच्या खाचा तुटू शकतात, आणि इंजिनाचं उत्पादन बंद झालेलं असेल तर तो भाग पुन्हा मिळेलच असं नाही. प्रयोगशाळेतही हेच असतं. नमुना एकदा कापला, विरघळवला किंवा तापवला की त्यातला पुरावाही गेला. म्हणून हात लावायच्या आधी जे बाहेरून मोजता येतं, ते मोजून घ्यायचं.

मोजायचं काय? दोन टक्-टक्‌मधलं रुळावरचं अंतर. इंजिन अगदी सावकाश चालवा, शेजारी पट्टी ठेवा आणि प्रत्येक आवाजाला रुळाजवळ खूण करा. मूळ इंजिनाचं चाक ४० इंच व्यासाचं असेल, तर मॉडेलचं चाक सुमारे ११.७ मिलिमीटरचं. त्याचा परीघ सुमारे ३७ मिलिमीटर. आता एकेका संशयिताला विचारा, "तू दोषी असशील तर मला काय दिसेल?"

• रुळाचा सांधा खराब असेल, तर आवाज दर वेळी त्याच जागी येईल. इंजिन दुसऱ्या रुळावर नेलं की आवाज जाईल.
• मोटर किंवा वर्म दोषी असेल, तर मोटरच्या प्रत्येक फेरीला आवाज येईल, म्हणजे ३७ भागिले १४, दर २.६ मिलिमीटरला. ती सुटी टक्-टक् नसेल, सलग घरघर असेल.
• मधल्या गिअरचा दात तुटला असेल, तर अंतर त्या गिअरच्या दात्यांवर ठरेल. समजा, त्याला १८ दाते आहेत आणि ॲक्सलच्या गिअरला १२. मग मधल्या गिअरची एक फेरी होईपर्यंत इंजिन ५५ मिलिमीटर पुढे जाईल. आवाजांचा क्रम दर ५५ ला स्वतःला गिरवेल, ३७ ला नाही.
• ॲक्सलवरचा गिअर दोषी असेल, तर दर ३७ मिलिमीटरला एक टक्, रूळ कुठलाही असो.

पाहिलंत? प्रत्येक गृहीतक काहीतरी घडेल असं सांगतंय, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काहीतरी घडणार नाही असंही सांगतंय. 'आत काहीतरी बिघडलंय' हे वाक्य खोटं ठरूच शकत नाही. म्हणून ते संशोधनाच्या कामाचं नाही.

समजा, मोजणी ३७ च्या आसपास आली. लगेच निकाल देऊ नका. एकाच पुराव्यावर थांबलात, तर परीक्षक पुढचा प्रश्न विचारणारच. पहिल्या पुराव्यावर अवलंबून नसलेला दुसरा पुरावा शोधा. अशा इंजिनांत बऱ्याचदा ॲक्सल अखंड नसतो. दोन अर्धे तुकडे दोन बाजूंनी प्लास्टिकच्या गिअरमध्ये दाबून बसवलेले असतात, म्हणजे दोन्ही चाकांची वीज एकमेकांना भिडत नाही. गिअर तडकला तर अर्धा ॲक्सल सैल होणार. मग गिअर धरून ठेवला तरी एक चाक बोटाने फिरेल, आणि दोन चाकांमधलं अंतर बदललेलं असेल. इंजिन सांध्यावर उतरत होतं, त्याचाही उलगडा इथेच होतो.

आता बोगीचं खालचं झाकण काढा आणि चाकांची जोडी बाहेर घ्या. गिअरवर दोन दात्यांच्या मधे, जिथे प्लास्टिक सर्वांत पातळ असतं, तिथे केसासारखी चीर दिसेल. तिथली फट रुंदावल्यामुळे शेजारच्या गिअरचा दात नीट बसत नाही. तोच तो टक्.

बिघाड सापडला, पण तो झाला का? "गाडीला डबे जास्त लावले असतील," हे उत्तर सहज पटतं. ते खरं असेल, तर कधीच न चालवलेल्या इंजिनांचे गिअर शाबूत असायला हवेत. पण छंदी लोकांचा अनुभव उलटा आहे. वर्षानुवर्षं खोक्यात पडून असलेल्या इंजिनांचेही असे गिअर तडकलेले सापडतात. म्हणजे ओढण्याचा भार हे मुख्य कारण नसावं. जास्त पटणारं कारण असं : गिअरचं छिद्र ॲक्सलपेक्षा किंचित लहान असतं. त्यामुळे प्लास्टिक इंजिन उभं असतानाही कायम ताणलेलं राहतं, आणि असा सततचा ताण सोसता सोसता ते कधीतरी चिरतं.

आणि कारण कळलं की दुरुस्ती बदलते. चीर चिकटवून भागत नाही. गिअरचं नायलॉन किंवा ॲसिटल नेहमीच्या गोंदाला दाद देत नाही. चिकटलंच, तरी ताण तसाच राहतो. म्हणून नवा गिअर घ्यायचा, आणि तो ॲक्सलवर फार घट्ट बसत नाही ना हे पाहायचं. एक गिअर तडकला असेल, तर त्याच घडणीचे उरलेले तिन्हीही बदललेले बरे, कारण तेही तोच ताण सोसतायत. चाकांमधलं अंतर मापाने तपासा. वंगण प्लास्टिकला चालणारं आणि थेंबभरच. मग एक बोगी लावून चाचणी, त्यानंतर दुसरी. प्रत्येक पायरीला मल्टिमीटरवर मोटरचा करंट लिहून ठेवा. कुठे तो अचानक वाढला, तर अडथळा त्याच पायरीत आलाय.

शेवटी पुन्हा तीच पट्टी, तोच रूळ, तोच सावकाश वेग. ३७ मिलिमीटरची टक्-टक् गेली का? 'इंजिन छान चालतंय' एवढी नोंद पुरत नाही. ज्या मोजणीने दोष सिद्ध केला, त्याच मोजणीने तो गेल्याचंही दाखवावं लागतं.

तुमचा विषय रसायनशास्त्र असो की समाजशास्त्र, पुढच्या वेळी निकाल विचित्र आला तर काही बदलण्याआधी वहीत तीन रकाने आखा : संशयित कोण, तो दोषी असेल तर काय दिसेल, आणि काय दिसता कामा नये. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर ते गृहीतक अजून तयार नाही. आधी तो भरा आणि मगच स्क्रूड्रायव्हर उचला.