शेतीची यंत्रे : लेखांक नववा — सेल्फ उचलत नाही

आषाढाच्या तोंडी पऱ्हे उपटण्याजोगे व्हावेत, बांधीत पाणी साचावे, रोवणीचे मजूर ठरल्या सकाळी बांधावर येऊन उभे राहावेत आणि नेमक्या त्याच सकाळी ट्रॅक्टरने चावीस दाद देऊ नये, ही गोंदिया जिल्ह्यातील पुष्कळ घरांना परिचित असलेली आपत्ती आहे. येथील धानाच्या बांध्या लहान असल्यामुळे पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर येथे सोयीचा पडतो; परंतु या ट्रॅक्टरचा दिनक्रम मोठा विषम असतो. चिखलणीच्या दिवसांत तो पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चिखलात राबतो आणि रोवणी उरकली, की धान कापणीस येईपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या सुमारापर्यंत, बहुधा पडवीत उभा राहतो. चाके, गिअर व पिस्टन ही कामाने झिजतात. वीजव्यवस्था मात्र प्रामुख्याने या बैठ्या काळातच बिघडते, आणि हे ध्यानात न आल्यामुळे पहिल्याच सकाळी सारा ठपका बॅटरीवर ठेवून नवी बॅटरी आणण्याचा शिरस्ता पडून गेला आहे.

हा खर्च पुष्कळदा व्यर्थ जातो. डिझेल इंजिनास पेट घेण्यासाठी ठिणगी लागत नाही; हवा इतकी दाबली जावी लागते, की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे, आणि त्याकरिता इंजिन प्रारंभी कोणीतरी वेगाने फिरवून द्यावे लागते. जुन्या ऑइल इंजिनांवर डिकॉम्प्रेशनची कळ उचलून हँडल मारणारी माणसे आजही काही गावांत सापडतील. ते बाहुबळाचे काम 1912 साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने कॅडिलॅक मोटारीत विजेच्या मोटरीकडे सोपविले, आणि तिलाच आपण ‘सेल्फ’ म्हणतो. ही मोटर लहान दिसली, तरी तिची भूक जबर आहे. ट्रॅक्टरचे दोन्ही पुढचे दिवे मिळून नऊ-दहा अँपिअर घेत असतील, तर सेल्फ शंभर ते दोनशे अँपिअर मागतो. सबब ‘दिवे लखलखीत लागतात, तेव्हा बॅटरी उत्तम आहे’ हा युक्तिवाद निकालात काढावा.

तपासाला आरंभ कानांनी करावा. चावीचा क्षीण प्रवाह फ्यूज, क्लच वा न्यूट्रलची सुरक्षा-कळ आणि बारीक तार या मार्गाने सॉलेनॉइडपर्यंत जातो. त्याच्या पोटात दोन वेटोळी असतात, एक दट्ट्या ओढून घेणारे आणि दुसरे तो धरून ठेवणारे. दट्ट्या सरकला, की सेल्फचे दातेरी चाक फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि तांब्याची चकती दोन जाड टोके जोडून बॅटरीचा मुख्य प्रवाह मोटरीत सोडते. त्या क्षणी ओढणाऱ्या वेटोळ्याचे काम संपते. पुढचा भार एकट्या धरणाऱ्या वेटोळ्यावर पडतो. बॅटरी उतरलेली असेल किंवा जाड वायरीचा सांधा खराब असेल, तर भार पडताच दाब कोसळतो, वेटोळ्याची पकड सुटते, स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलते. भार गेल्यामुळे दाब पुन्हा चढतो आणि दट्ट्या पुन्हा ओढला जातो. कटकटकट असा जो अधीर आवाज येतो, त्याचे मूळ हे. एकदाच ‘टक्’ होऊन शांतता पसरली, तर सॉलेनॉइडची टोके जळालेली, सेल्फचे कार्बन झिजलेले किंवा जाड वायर निकामी झालेली असण्याचा संभव अधिक. मुळीच आवाज नसेल, तर प्रथम बारीक तारांच्या मार्गाकडे वळावे. पडवीत धानाची पोती आणि ट्रॅक्टर शेजारी शेजारी असले, की त्या तारांवर उंदरांचीही वहिवाट असते.

आता बॅटरी. काही तास विश्रांती मिळाल्यावर तिचा दाब सुमारे 12.6 व्होल्ट असावा; 12.2 म्हणजे ती निम्मी रिती झाली. हायड्रोमीटरने पाहिल्यास भरलेल्या बॅटरीच्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व 1.25 ते 1.28 भरते, आणि एखादाच कप्पा इतरांहून फार खाली असेल, तर ती बॅटरी खरोखरच गेली. अर्धवट रित्या अवस्थेत महिनोन्‌महिने ठेवल्यास शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व ते सहजी विरघळत नाहीत. म्हणून उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी महिन्याकाठी एकदा चार्ज करावी. मे महिन्यात कप्प्यांतील पाणी उन्हाने आटते, तेव्हा डिस्टिल वॉटर घालावे, आम्ल कदापि घालू नये. पौष-माघात येथील किमान तापमान दहा अंशांच्याही खाली जाते. तेव्हा ऑइल घट्ट होते, बॅटरीची शक्ती घटते आणि उन्हाळी धानाच्या चिखलणीला निघालेला ट्रॅक्टर सकाळी कुरकुरतो, त्यात नवल नाही.

परंतु ज्या परीक्षेची सर्वाधिक उपेक्षा होते, ती सांध्यांची होय. मामा तलाव काठोकाठ भरलेला आहे आणि पाटाच्या तोंडाशी गाळ साचला आहे, अशी कल्पना करावी. पाटाचे शेवटचे टोक बंद असेल, तर गाळाच्या दोन्ही बाजूंस पाण्याची पातळी सारखीच दिसेल. टोक उघडून पाणी वाहू लागेल, तेव्हाच अलीकडची आणि पलीकडची तफावत उघड होईल. विजेचा न्यायही असाच आहे. सांध्यातील प्रतिरोध अवघा 0.01 ओहम असेल आणि त्यातून 150 अँपिअर वाहत असतील, तर 1.5 व्होल्ट तेथेच गडप होतात. चावी बंद असताना मात्र तोच सांधा मल्टिमीटरला निर्दोष भासतो. म्हणून ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये घालून, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरून, एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने मोजावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर (वायरीच्या लगवर नव्हे, प्रत्यक्ष खांबावर) आणि दुसरे सेल्फच्या जाड नटावर ठेवले असता आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. ऋण खांब व सेल्फचे धड यांमध्ये तो 0.2 ते 0.3 च्या वर नसावा. त्याच वेळी बॅटरीच्या दोन्ही खांबांवर निदान 9.6 व्होल्ट टिकले पाहिजेत. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये व मध्ये अर्धा-एक मिनिट उसंत द्यावी.

या परीक्षेत गुन्हेगार म्हणून वारंवार हाती लागते, ती ऋण खांब ट्रॅक्टरच्या धडाशी जोडणारी अर्थची पट्टी. केजव्हीलने उडविलेला चिखल तिच्या बोल्टाभोवती सुकतो, त्याखाली गंज धरतो. कधी ट्रॅक्टर रंगवून घेताना रंगाचा थर लगखाली राहून जातो. ऋण वायर आधी सोडवून (जोडताना ती शेवटी), सांधा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासून, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावली, की कित्येक ‘मेलेल्या’ बॅटऱ्या पुन्हा कामास रुजू होतात. खांबांवरील पांढरी-हिरवी बुरशी सोडा मिसळलेल्या कोमट पाण्याने जाते. ते पाणी कप्प्यांत जाऊ न देण्याची काळजी घ्यावी.

एका सर्रास चाललेल्या प्रकाराविषयी मात्र कठोरपणे लिहिणे भाग आहे. सेल्फ उचलत नाही असे पाहून जमिनीवर उभ्यानेच स्क्रू ड्रायव्हर सेल्फच्या दोन टोकांवर टेकवायचा आणि इंजिन सुरू करायचे, यात पुष्कळांना हुन्नर वाटतो. न्यूट्रलच्या सुरक्षा-कळेचा सारा अंमल या कृतीने रद्द होतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर इंजिन पेटताक्षणी तो चालू लागतो, आणि स्क्रू ड्रायव्हर धरणारा इसम त्या वेळी मागच्या चाकाच्या वाटेतच उभा असतो. सुरक्षा-कळ बिघडली असल्यास ती बदलावी. तिच्या दोन तारा कायमच्या जोडून टाकणे हीदेखील त्याच अपघाताची तरतूद होय.

इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीच्या खांबांवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले, तर अल्टरनेटर आपले काम करीत आहे. न दिसल्यास प्रथम पट्ट्याचा ताण पाहावा. आणि सेल्फ जोमाने फिरत असूनही इंजिन पेट घेत नसेल, तर इंधन अडविणारे स्टॉप सॉलेनॉइड ज्या ट्रॅक्टरांना असते, त्यांत तेवढी एक तार तपासून विजेचा मामला बंद करावा. पुढचा प्रश्न डिझेलच्या नळीत शिरलेल्या हवेचा असून तो आगामी लेखांकाचा विषय आहे.